कार्यशाळेतले ९३ टक्के आणि वर्गातले तीन सेकंद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि त्याच्या आगेमागे कोल्हापुरात ‘संवादकौशल्य’, ‘व्यक्तिमत्त्व विकास’, ‘नोकरी आणि घर यांचा समतोल’ अशा नावांच्या कार्यशाळा सुरू होतात. कधी शिक्षकांसाठी, कधी शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतल्या सुपरवायझरांसाठी, कधी बँका-पतसंस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी. आयोजकांचा हेतू चांगला असतो. लोक सुटीचा दिवस मोडून येतात. पण तिथे जे हमखास सांगितलं जातं त्यातलं बरंचसं चुकीचं असतं. संवादावर गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे काटेकोर संशोधन झालं, जे दुसऱ्या दिवशी बिनखर्चात वापरता येईल, त्याचा मात्र उल्लेखही होत नाही. आम्ही हा विषय शिकवतो, त्यामुळे हे लिहिणं आम्हाला आमचं काम वाटतं.

पडद्यावर सर्वांत आधी येतात ते तीन आकडे: ७, ३८, ५५. शब्दांतून फक्त सात टक्के पोचतं, आवाजातून ३८ आणि चेहऱ्या-हावभावांतून ५५, म्हणजे ९३ टक्के संवाद शब्दांवाचूनच होतो, असं ठासून सांगितलं जातं. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या दोन छोट्या प्रयोगांतून आले आहेत. एका प्रयोगात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते. दुसऱ्यात ‘कदाचित’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द तीन सुरांत ऐकवून त्याच्या जोडीला चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली होती. प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही. शब्द एक सांगतोय आणि चेहरा दुसरंच, अशा वेळी आवड-नावड ओळखायला आपण कशावर विसंबतो, याचं ते उत्तर आहे. भावना आणि आवड-नावड यांपलीकडे हे सूत्र लावू नका, असं मेहराबियन यांनी स्वतःच स्पष्ट केलं आहे. अपूर्णांकांची बेरीज करताना छेद समान का करायचा, हे ५५ टक्के चेहऱ्याने कोणत्याही मुलाला कळणार नाही. ते नीट निवडलेल्या शब्दांनी आणि फळ्यावरच्या आकृतीनेच कळतं.

हावभाव निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही. शिक्षकाने नजर मिळवणं, बाकांमधून फिरणं, हसऱ्या चेहऱ्याने बोलणं यावर जॅनिस अँडरसन यांनी १९७९ साली अभ्यास केला होता. अशा शिक्षकाबद्दल आणि त्याच्या विषयाबद्दल विद्यार्थ्यांना आपलेपणा वाटतो, हे त्यात दिसलं. गुण वाढतात असं मात्र त्या अभ्यासातून निघालं नाही. आवड निर्माण होणं ही काही लहान गोष्ट नव्हे, पण तिला समज म्हणून चालणार नाही.

समज वाढवण्याचा एक उपाय मात्र चांगला तपासलेला आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. मेरी बड रो या अमेरिकी विज्ञान-शिक्षण संशोधकाने प्राथमिक शाळांतल्या तासांची ध्वनिमुद्रणं सेकंदासेकंदाने तपासली आणि १९७४ साली निष्कर्ष मांडले. शिक्षक प्रश्न विचारतात आणि जेमतेम एक सेकंद थांबतात. तेवढ्यात उत्तर आलं नाही की प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याला उठवतात, नाहीतर स्वतःच सांगून मोकळे होतात. मुलाचं उत्तर आल्यावरही तीच घाई: बरोबर, चूक, पुढे. या दोन्ही जागी थांबणं तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, मुलं कारणं देऊ लागली, एकमेकांच्या उत्तरांवर बोलू लागली आणि एरवी गप्प राहणारीही बोलती झाली. शिक्षकांचे प्रश्नसुद्धा बदलले, संख्येने कमी झाले आणि दर्जाने सुधारले. रो यांना आणखी एक गोष्ट दिसली, ती प्रत्येक शिक्षकाने मनावर घ्यावी अशी आहे. वर्गातल्या हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षक जास्त वेळ थांबत होते आणि मागे पडलेल्यांसाठी कमी. ज्याला वेळेची गरज जास्त, त्यालाच तो कमी मिळत होता.

दोन जागांपैकी उत्तरानंतरची जागा जास्त मोलाची, आणि तीच आपल्याकडे सर्वांत लवकर गिळली जाते. सातवीच्या वर्गात विचारा, ‘पाणी खळखळ उकळतं तेव्हा वर येणाऱ्या बुडबुड्यांत काय असतं?’ पहिलं उत्तर बहुधा ‘हवा’ असं येतं. शिक्षक ‘चूक, दुसरं कोण सांगतंय?’ म्हणाले की विषय तिथेच संपला. कोणीतरी वाचलेलं ‘वाफ’ म्हणतो आणि बाकीचे वहीत उतरवतात. त्याऐवजी ‘हवा’ म्हणणाऱ्या मुलीकडे शांतपणे पाहत तीन सेकंद काहीच बोलू नका. ती पुढे जाते: ‘म्हणजे सुरुवातीला बारीक बुडबुडे येतात ती हवा असंल... पण पाणी आटेपर्यंत येतच राहत्यात, एवढी हवा कुठनं येणार?’ सुरुवातीचे बारीक बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचे आणि नंतरचे मोठे वाफेचे, इथपर्यंत ती स्वतः जवळजवळ पोचली आहे. ‘चूक’ या एका शब्दाने ही वाट बंद झाली असती.

आपल्या जिल्ह्यात या थांबण्याची गरज आणखी एका कारणाने आहे. घरची बोली आणि पुस्तकाची प्रमाण भाषा यांत अंतर असतं. सीमाभागात घरी कानडी बोलली जाते, औद्योगिक वसाहतींजवळच्या शाळांत घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणारी मुलं आहेत, आणि गळीत हंगामात ऊसतोड मजुरांची मुलं येतात. या मुलाला उत्तर आधी सुचतं आणि मग ते वर्गात चालेल अशा भाषेत बसवावं लागतं. एका सेकंदात दोन्ही होत नाही. आमच्या मते अशा वर्गात तीनऐवजी पाच सेकंद धरावेत, आणि उत्तर घरच्या बोलीत आलं तर आधी आशय घ्यावा, भाषा नंतर.

करून पाहताना काय बिघडतं तेही सांगायला हवं. घाईत मनातली मोजणीही पळते, म्हणून तीन सेकंद हवे असतील तर मनात पाचपर्यंत मोजा. थांबण्याच्या वेळात प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारू नका. मुलं पहिल्या प्रश्नावर विचार करत असतात, दुसरा ऐकू आला की पहिला हातचा जातो. नाव आधी आणि प्रश्न नंतर, असं करू नका. ‘संकेत, सांग बरं...’ म्हटलं की उरलेला वर्ग सुटला. आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. मुलाचं उत्तर जसंच्या तसं मोठ्याने पुन्हा म्हणण्याची सवय फार पसरलेली आहे. तिने मुलं एकमेकांचं ऐकणं बंद करतात, कारण शिक्षक पुन्हा सांगणारच असतात. आवाज पोचला नसेल तर त्या मुलालाच पुन्हा सांगू द्या. प्रश्नाच्या शेवटी ‘कळलं ना?’ जोडलं की सगळा वर्ग एका सुरात ‘होऽऽ’ म्हणतो. त्या होकारातून कोणाला कळलं आणि कोणाला नाही, याचा पत्ता लागत नाही. आणि प्रत्येक प्रश्नाला थांबायची गरज नाही. ‘सात आठे किती?’ याला पाच सेकंद थांबून काही मिळत नाही, ते पाठ असतं किंवा नसतं. ‘का’, ‘कसं’, ‘असं झालं नसतं तर’ या प्रश्नांसाठी हे थांबणं राखून ठेवा.

आपण किती थांबतो याचा शिक्षकाचा स्वतःचा अंदाज सहसा चुकतो, म्हणून मोजावं लागतं. बी.एड.ला सगळ्यांनी नेड फ्लँडर्सची आंतरक्रिया विश्लेषण पद्धत, म्हणजे वर्गात कोण किती बोलतं हे नोंदवण्याची रीत, पाठ केलेली असते: नोंदीचे दहा प्रकार, दर तीन सेकंदांना एक नोंद. परीक्षेनंतर तिच्याकडे कोणी वळत नाही. तिचं सोपं रूप असं. मोबाइल टेबलावर ठेवून एक तास ध्वनिमुद्रित करा, मुलांना आधी सांगा, आणि हे फक्त स्वतःसाठी आहे हे स्वतःशी पक्कं करा. घरी मधली दहा मिनिटं ऐका. कागदावर पाच रकाने आखा: मी सांगतो, मी विचारतो, मूल बोलतं, विचाराची शांतता, गोंधळ. दर तीन सेकंदांना जे चालू असेल त्या रकान्यात एक रेघ. मिनिटाला वीस, दहा मिनिटांत दोनशे रेघा होतात. मोजून झालं की ध्वनिमुद्रण पुसून टाका. वर्गातला दोन-तृतीयांश वेळ बोलण्यात जातो आणि त्या बोलण्यातलं दोन-तृतीयांश शिक्षकाचं असतं, असं फ्लँडर्स यांना आढळलं होतं. आपली मोजणी त्याच्याशी ताडून पाहता येईल.

पाचवा रकाना आम्ही मुद्दाम वेगळा केला आहे. फ्लँडर्सच्या मूळ पद्धतीत शांतता आणि गोंधळ एकाच, दहाव्या प्रकारात मोडतात. पाठ निरीक्षणालाही तीच नजर लागली आहे. वर्ग शांत झाला की मागे बसलेले निरीक्षक ‘प्रतिसाद कमी’ असा शेरा लिहितात, आणि नवा शिक्षक तो टाळण्यासाठी रिकामी जागा दिसली की बोलत सुटतो. केंद्रप्रमुख आणि मुख्याध्यापकांना आमची विनंती आहे की लॉगबुकमध्ये शेरा लिहिताना प्रश्नानंतरची शांतता वेगळी ओळखावी आणि तिचं कौतुक करावं.

घराबद्दल थोडक्यात, कारण तिथे संशोधन अमेरिकी जोडप्यांवरचं जास्त आहे आणि सासू-सासरे, दीर-जावा असलेल्या घराला ते सरळ लावता येत नाही. तरी दोन गोष्टी उपयोगी पडतात. सिबिल करेर आणि जॉन गॉटमन यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२४ नवविवाहित जोडप्यांना मतभेदाच्या विषयावर पंधरा मिनिटं बोलायला लावलं होतं. पुढे कोणाचा संसार टिकला आणि कोणाचा मोडला, याचा कल पहिल्या तीन मिनिटांच्या सुरातच दिसत होता. ‘तुम्ही कधीच वेळेवर येत नाही, तुम्हाला घराची पडलेलीच नाही’ यात स्वभावावर ठपका आहे, आणि त्याला उत्तर फक्त बचावाचंच येतं. ‘आज साडेसातला यायचं ठरलं होतं, पोरं जेवायची थांबली होती’ यात घडलेली गोष्ट आहे आणि तिच्यावर बोलता येतं. तक्रार दोन्हींत आहे, आणि तक्रार करू नये असं कोणताही अभ्यास सांगत नाही. टिकणाऱ्या संसारात एका कडू शब्दामागे पाच गोड असतात, हे गॉटमन यांचं प्रमाण कार्यशाळांत ऐकवलं जातं, पण तेही भांडण चालू असतानाच्या बोलण्याचं आहे. दिवसभराचा हिशेब ठेवण्यासाठी ते नाही.

दुसरी गोष्ट, एक मागे लागतो आणि दुसरा तोंड मिटून उठून जातो, या चक्राबद्दलची. अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि क्रिस्टोफर हेवी यांनी १९९० साली दाखवलं की कोण मागे लागणार हे बऱ्याच अंशी बदल कोणाला हवा आहे यावर ठरतं. बायका कटकट करतात आणि पुरुष घुमे असतात, ही समजूत त्यामुळे बरीच सैल होते. ज्याला आहे ते सोयीचं आहे, तो गप्प बसतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्या बिनपगारी कामाला बायकांचा दिवसाला २८९ मिनिटांचा आणि पुरुषांचा ८८ मिनिटांचा वेळ जातो असं दिसलं, आणि तेही हे काम करणाऱ्यांपुरतं. बदल कोणाला हवा असणार, हे या आकड्यांतच आहे.

नोकरी आणि घर यांच्या ओढाताणीचे ग्रीनहाउस आणि ब्यूटेल यांनी १९८५ साली तीन प्रकार मांडले. वेळ अपुरा पडणं, एकीकडचा ताण दुसरीकडे येणं, आणि एकीकडची वागण्याची रीत दुसरीकडे न चालणं. तिसऱ्याबद्दल फारसं बोललं जात नाही. भट्टीच्या धडधडाटात दुसऱ्या पाळीत आठ तास हुकूम सोडणारा सुपरवायझर त्याच पट्टीत घरात बोलतो. दिवसभर ‘शांत बसा’ म्हणणारे शिक्षक स्वतःच्या मुलालाही उत्तर पुरं करू देत नाहीत. पण आज शिक्षकांच्या घरात सर्वांत जास्त शिरतो तो व्हॉट्सअ‍ॅप. रात्री नऊ वाजता ‘सोबतच्या नमुन्यात माहिती उद्या सकाळपर्यंत पाठवावी’ असा संदेश येतो. तो पुष्कळदा वरून आलेला आणि पुढे ढकललेला असतो, त्यामुळे कोणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरले आहेत आणि त्यात पाठाच्या तयारीचे तासही आले. रात्रीचं हे काम कुठेच मोजलं जात नाही.

यावरचं एक संशोधन फार कामाचं आहे. लॉरा जुर्जे आणि व्हेनेसा बोन्स यांनी २०२१ साली दाखवलं की कामाच्या वेळेबाहेर तातडीचा नसलेला ई-मेल आला, तरी वाचणाऱ्याला वाटतं की पाठवणाऱ्याला लगेच उत्तर हवंय. पाठवणाऱ्याची अपेक्षा प्रत्यक्षात तेवढी नसते. उपायही त्यांनीच तपासला: तातडी नाही हे एका ओळीत लिहायचं. तेवढ्याने हा गैरसमज कमी होतो. संदेश आला नाही, पण येईल या धास्तीने कान टवकारलेले असले तरी मन कामातून सुटत नाही. झाबीने झोनेनटाग यांच्या अभ्यासांनुसार संध्याकाळी मन असं सुटलं नाही की थकवा दुसऱ्या दिवसापर्यंत उरतो. थकलेला माणूस वर्गात पाच सेकंद थांबत नाही. तो उत्तर सांगून पुढे जातो.

कामाच्या वेळेनंतर फोन-संदेशांपासून दूर राहण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांशी बोलणी करणं फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या आस्थापनांना बंधनकारक केलं. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत याच हक्काचं खासगी विधेयक मांडलं, पण कायदा अजून नाही. शाळेला आणि कारखान्याला त्याची वाट पाहण्याची गरज नाही. सूचनांचा एक वेगळा गट करावा आणि त्यात फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल अशी सोय लावावी. वाढदिवस आणि सुप्रभात दुसऱ्या गटात. संध्याकाळी सहानंतर सूचनांच्या गटात काही टाकू नये. सुचलंच तर मसुदा तयार ठेवून सकाळी टाकावा. प्रत्येक संदेशात काय हवं, कोणाकडून, कोणत्या नमुन्यात आणि किती तारखेपर्यंत, हे चार तपशील असावेत. यातला एक राहिला की त्याच गटात पंधरा प्रश्न येतात आणि सगळ्यांची संध्याकाळ जाते. रात्री पाठवणं भागच असेल तर पहिल्याच ओळीत ‘उद्या कामावर आल्यावर पाहा’ असं लिहावं. आणि खरोखर तातडीचं असेल, पंचगंगेचं पाणी वाढल्याने उद्या शाळा बंद, असं काही, तर फोन करावा. सगळंच व्हॉट्सअ‍ॅपवर आलं की तातडीचंही त्यात बुडतं. पाळ्यांच्या कारखान्यात ‘सहानंतर’ला अर्थ नाही. तिथे ज्याची पाळी संपली त्याला संदेश नाही, एवढाच नियम धरावा आणि त्यासाठी पाळीवार गट करावेत.

हे नियम मोडतात ते बहुधा वरच्या माणसाकडून. मुख्याध्यापकांनी स्वतः रात्री दहाला एक संदेश टाकला की नियम संपला, कारण खालचा माणूस फलकावरच्या नियमापेक्षा वरिष्ठाच्या वागण्याकडे पाहतो. म्हणून नियम लिहिताना अपवाद कोण करू शकतो हे नावानिशी लिहावं.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. या गावाला शिक्षणातली गोष्ट अंमलात कशी आणायची हे ठाऊक आहे. आमची मागणी त्यामानाने अगदी लहान आहे. दरमहा होणाऱ्या शिक्षण परिषदेत भाषणांऐवजी सूक्ष्म अध्यापनाची, म्हणजे छोट्या गटापुढे छोटा पाठ घेऊन एकच कौशल्य घोटवण्याची, एक फेरी घ्यावी, तीही फक्त प्रश्न विचारून थांबण्याच्या कौशल्यावर. आपल्या बी.एड. अभ्यासक्रमातली ठरलेली फेरी ३६ मिनिटांची आहे: सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (पाठ कसा झाला हे सांगणं), बारा मिनिटं पुनर्नियोजन, सहा मिनिटं पुन्हा पाठ, सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. सहा-सहा शिक्षकांचे गट करावेत. एक शिकवेल, चौघे विद्यार्थी होतील, आणि सहावा हातात घड्याळ घेऊन प्रत्येक प्रश्नानंतरचे आणि प्रत्येक उत्तरानंतरचे सेकंद लिहील. दुसरं काहीच लिहायचं नाही, अक्षर, फळा, पोशाख, काही नाही. सहा जणांच्या सहा फेऱ्यांना ३ तास ३६ मिनिटं लागतात. एकाचं पुनर्नियोजन चालू असताना दुसऱ्याचा पाठ घेतला तर वेळ आणखी वाचतो आणि दुपारच्या जेवणाआधी सगळं आटोपतं. पाहुणे वक्ते, हार-तुरे आणि पडदा यांची त्यात गरज पडत नाही. सेकंदांचा कागद ज्याचा त्याच्याकडे राहावा, वर पाठवू नये. तो वर जाऊ लागला की लोक घड्याळाकडे पाहून थांबतील आणि मुलाकडे पाहणं राहून जाईल.

आपले,
संज्ञापन आणि शिक्षणशास्त्र शिकवणारे काही प्राध्यापक,
कोल्हापूर